एजियन समुद्रातील शिडाची सफर : देवळे समुद्रावरून पाहावीत, पण डेलोसचे तास आधी ठरवून घ्यावेत

गेल्या सप्टेंबरमध्ये आम्ही उभयतांनी अथेन्सजवळच्या लाव्रिओ बंदरातून सायक्लेडीज बेटांची सात दिवसांची सफर केली. नौका शिडाची, प्रवासी आठ, सोबत कप्तान आणि स्वयंपाकी. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण तक्रारीचा मुद्दा तिच्यापुरता मर्यादित नसावा असे मला वाटते.

पहिल्याच संध्याकाळी सुनिओन भूशिराखाली नांगर टाकला. माथ्यावरचे समुद्रदेव पोसायडनचे देऊळ इसवी सनपूर्व पाचव्या शतकाच्या मध्यातले. अथेन्सहून बसने येणारा पर्यटक तिकीटखिडकीच्या बाजूने त्याच्यापाशी पोहोचतो. आम्ही मात्र ते खालून, पाण्यावरून, म्हणजे घरी परतणाऱ्या जुन्या खलाशांना दिसत असे तसे पाहिले. त्याच्या डोरिक (साध्या, जुन्या ग्रीक शैलीच्या) खांबांवर नेहमीच्या २० ऐवजी १६ च पन्हळी (उभ्या खाचा) कोरलेल्या आहेत, हे दुसऱ्या दिवशी वर चढून गेल्यावर मोजून पाहिले. सफरीचे निम्मे पैसे तेथेच वसूल झाले, असे म्हणायला हरकत नाही.

पुढे किथनोसला एक मुक्काम झाला आणि सिरोसला वाऱ्याने एक दिवस अडकवून ठेवले. उन्हाळ्यात उत्तरेकडून सुटणाऱ्या या वाऱ्याला तेथे मेल्तेमी म्हणतात. त्याचा जोर जुलै-ऑगस्टमध्ये असला, तरी सप्टेंबरमध्येही तो पुरता पाठ सोडत नाही. वाऱ्यासाठी कोणाला दोष देता येत नाही. परंतु वाया गेलेला दिवस भरून काढताना कप्तानाने मिकोनोसच्या समुद्रकिनाऱ्याचा वेळ तसाच ठेवला आणि डेलोस या प्राचीन अवशेषांच्या बेटाचा पूर्ण दिवस कापून दोन तासांवर आणला, ही माझी मुख्य तक्रार आहे.

डेलोस दोन तासांत पाहण्याची जागा नव्हे. ग्रीक देव अपोलोचे जन्मस्थान मानलेल्या या बेटावर जन्म आणि मृत्यू दोन्ही निषिद्ध ठरवून इसवी सनपूर्व ४२६ मध्ये अथेन्सकरांनी तेथील कबरीसुद्धा हलवल्या. पुढे रोमनांच्या काळात हेच बेट करमुक्त बंदर म्हणून गजबजले आणि इसवी सनपूर्व ८८ मधील लुटीनंतर ओस पडत गेले. फ्रेंच पुरातत्त्वज्ञांचे उत्खनन १८७३ पासून चालू आहे. आम्ही सिंहांची रांग (उघड्यावर आहेत त्या प्रतिकृती) घाईने ओलांडून थेट ‘डायोनायससचे घर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या घरात शिरलो. मधल्या चौकाभोवती खांब, एखाद्या वाड्यात यावे तसे वाटते. आणि त्या चौकाच्या फरशीवर वाघावर आरूढ झालेला पंखधारी मद्यदेव डायोनायसस. तांदळाच्या कणीएवढे रंगीत तुकडे जोडून वाघाच्या अंगावरची छटा उतरवलेली आहे. ती पाहण्यासाठी खाली वाकलो, तोच निघण्याची हाक आली. नाट्यगृहाजवळचा कमानींचा हौद धावता धावता पाहिला आणि ११२ मीटर उंचीची किंथोस टेकडी राहूनच गेली.

नॅक्सोसला मात्र घाई नव्हती. बंदराच्या तोंडाशी अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या देवळाची संगमरवरी चौकट एकटीच उभी आहे, आणि बंदरात शिरणाऱ्या प्रत्येकाला आधी तीच दिसते.

जेवण चांगले होते. पिवळ्या डाळीचा फावा (घोटलेल्या घट्ट वरणासारखा पदार्थ) आणि टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे वाल यांमुळे शाकाहारी माणसाची अडचण होत नाही. केबिन अरुंद आहेत, त्याला इलाज नाही. शीड मात्र सात दिवसांत जेमतेम तीनदा पूर्ण उभारले गेले. एरवी इंजिनाची घरघर ऐकावी लागली. जाहिरातीतील छायाचित्रे पाहून पैसे भरणाऱ्यांनी हे आधीच गृहीत धरावे.

पाचांपैकी साडेतीन गुण देतो. आरक्षणापूर्वी डेलोसवर प्रत्यक्ष किती तास मिळतील आणि वाऱ्यामुळे दिवस गेल्यास कोणता थांबा वगळला जाईल, याचे उत्तर लेखी घ्यावे. ते मिळत नसेल, तर सफर संपल्यावर मिकोनोसला दोन रात्री राहून सकाळच्या पहिल्या फेरीबोटीने डेलोस गाठणे बरे. डेलोसवर मुक्काम करता येत नाही.