मों ब्लां परिक्रमा : कागदावरच्या दहा रात्री

२०२४ च्या जुलै महिन्यात आम्ही सहा जण आल्प्समधील मों ब्लां पर्वताची परिक्रमा करण्यासाठी पुण्याहून निघालो. चालण्याच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी, सुमारे २,४०० मीटर उंचीवरच्या निवाऱ्यात पोहोचल्यावर, त्या रात्रीसाठी किंवा पुढच्या कोणत्याही रात्रीसाठी आमच्या नावावर एकही खाट राखलेली नाही, असे आम्हाला कळले. प्रत्येकाने आयोजकाला १,६५,००० रुपये दिले होते. विमानाचे तिकीट आणि व्हिसा वेगळा. आमची तक्रार ग्राहक आयोगापुढे प्रलंबित असल्याने मी आयोजकाचे नाव येथे लिहीत नाही. मात्र त्यांनी वापरलेली पद्धत कोणालाही वापरता येण्यासारखी आहे, आणि परतल्यानंतर अगदी तशीच फसवणूक झालेल्या आणखी दोन कुटुंबांशी माझे बोलणे झाले, म्हणून ती सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

ज्यांना या वाटेची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. परिक्रमा सुमारे १७० किलोमीटरची असून सगळी चढाई मिळून साधारण १०,००० मीटर भरते. बहुतेक लोक फ्रान्समधील लेझूश गावातून सुरुवात करतात, २,५१६ मीटर उंचीच्या सेन्य खिंडीतून इटलीत उतरतात, ग्रां कोल फेरे या २,५३७ मीटरच्या खिंडीतून स्वित्झर्लंडमध्ये जातात आणि दहा-अकरा दिवसांनी शामोनीच्या खोऱ्यात परत येतात. मुक्काम खोऱ्यातल्या गावांत किंवा डोंगरावरच्या निवाऱ्यांत असतो. या निवाऱ्यांना फ्रान्समध्ये रिफ्यूज म्हणतात. त्यांतील बहुतेक जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच उघडे असतात. एका दालनात ओळीने गाद्या, पांघरूण तिथले, आत शिरायची चादरीची पिशवी आपली, बूट दारातल्या खोलीत काढून ठेवायचे, सातच्या सुमारास सर्वांचे एकत्र जेवण आणि सकाळी न्याहारी, अशी व्यवस्था असते. माणशी साधारण ५५ ते ९० युरो पडतात.

सह्याद्रीत फिरणाऱ्या माणसाला या व्यवस्थेतली एक गोष्ट लवकर उमगत नाही. आपण हरिश्चंद्रगडाच्या गुहेत पथारी टाकतो, पायथ्याच्या गावात कोणाच्या तरी पडवीत झोपतो, आणि दहा माणसे अचानक आली तरी पिठले-भाकरी होते. आल्प्समध्ये खाटा मोजक्या, जेवणाची ताटे मोजलेली आणि जुलै-ऑगस्टमधल्या जागा कित्येक महिने आधी भरलेल्या असतात. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या सुमारासच अनेक ठिकाणचे आरक्षण सुरू होते. तंबू ठोकण्यावर तिन्ही देशांत ठिकठिकाणी निर्बंध आहेत. शिवाय दुपारनंतर तिथे गडगडाटी वादळे येतात, त्यामुळे तीन-चार वाजेपर्यंत छपराखाली पोहोचायचे, हा तिथला शिरस्ता आहे. म्हणून या वाटेवर रात्रीची खाट ही सोय नसून सुरक्षितता आहे, आणि आमच्याकडून पैसे घेणाऱ्या माणसाला हे आमच्यापेक्षा अधिक चांगले माहीत होते.

आयोजक परके नव्हते. माझे पती त्यांच्याबरोबर राजगड-तोरणा कितीदा तरी गेले होते, आणि आम्ही दोघांनी त्यांच्याच गटातून हिमाचलमधील हामटा खिंड पार केली होती. तो प्रवास व्यवस्थित झाला होता, हे मला प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. त्यामुळे डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी ‘मों ब्लांच्या जागा मिळवून देतो’ असे सांगितले तेव्हा आम्ही विचारलेले प्रश्न पायातले बूट, सॅकचे वजन आणि माझ्या थोरल्या दिरांचा गुडघा यांबद्दल होते. भाऊजी तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे होते. पैसे कोणाच्या खात्यात जाणार आणि आरक्षण कोणाच्या नावाने होणार, हे आम्ही विचारले नाही.

पैसे त्यांनी स्वतःच्या बचत खात्यावर दोन हप्त्यांत मागितले. परदेशी सहलीच्या पॅकेजवर विक्रेत्याने ग्राहकाकडून टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर, गोळा करून सरकारकडे भरायचा असतो, हा नियम ऑक्टोबर २०२० पासून आहे. आमच्या वेळी सात लाखांपर्यंत तो पाच टक्के होता आणि विवरणपत्र भरताना त्याचे श्रेय मिळत होते. ‘उगाच तुमचे पैसे अडकतात, आपण मित्रमंडळी खर्च वाटून घेतोय असे ठेवू,’ असे ते म्हणाले, आणि बँकेच्या व्यवहारात शेऱ्याच्या जागी ‘उसने परत’ असे लिहायला सांगितले. आम्ही सहाही जणांनी तसे लिहिले. त्या दोन शब्दांनी आमचे किती नुकसान केले ते पुढे येईलच, पण तुम्हाला कोणी असा शेरा लिहायला सांगितला, तर त्या क्षणी थांबावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. टीसीएस कापून पावती देणारा विक्रेता आपल्या व्यवहाराचा सरकारी पुरावा तयार करत असतो, आणि तो टाळायला सांगणारा माणूस तोच पुरावा पुसत असतो.

एप्रिलमध्ये शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे या तिन्ही देशांत चालणाऱ्या सामाईक व्हिसासाठी, कागद लागले. या अर्जाबरोबर किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आणि प्रत्येक रात्रीच्या निवासाचा पुरावा द्यावा लागतो. आयोजकांनी आम्हाला शामोनीतील एका रात्रीचा आणि वाटेवरच्या दहा रात्रींचा, असे एकूण अकरा कागद पाठवले. व्हिसा मिळाला, आणि दूतावासाने स्वीकारलेले कागद खरेच असणार, असे आम्ही धरून चाललो. ही आमची सर्वांत मोठी चूक होती. दूतावासाने कागद पाहिला याचा अर्थ खाट आहे असा होत नाही, आणि आज असलेले आरक्षण उद्या रद्द करता येते. याउलट, त्या अर्जावर सही आमची होती. जोडलेले कागद खोटे निघाले तर ते मध्यस्थाने दिले होते हे सांगून जबाबदारी टळत नाही, आणि पुढच्या प्रत्येक अर्जावर त्याचे सावट राहू शकते.

आता ते कागद समोर ठेवून पाहते तेव्हा त्यांतल्या खुणा मला स्पष्ट दिसतात. एकाही कागदावर निवाऱ्याचा फोन किंवा ईमेल नव्हता. आरक्षण आमच्या नावांवर नसून ‘सहा जणांचा गट’ असे होते. फ्रान्स आणि इटलीतल्या दोन वेगळ्या निवाऱ्यांच्या आरक्षण क्रमांकांत फक्त शेवटचे दोन अंक वेगळे होते. स्वित्झर्लंडमधल्या तिन्ही मुक्कामांचे दर युरोंत छापलेले होते, जेव्हा त्या देशात हिशेब फ्रँकमध्ये चालतो. ‘आगाऊ रक्कम’ या रकान्यासमोर आकडा होता, पण ती भरल्याची नोंद कुठेच नव्हती. यांतले फ्रँकचे माझ्या जाऊबाईंच्या लक्षात आले होते. त्या बँकेतून निवृत्त झाल्या आहेत. ‘यांना एकदा विचारू या का?’ असे त्या मे महिन्यात म्हणाल्या, आणि मीच त्यांना थांबवले. इतक्या वर्षांच्या ओळखीच्या माणसाला असे विचारले तर त्यांना वाईट वाटेल, असे मला वाटले. भीड ही भिकेची बहीण असे आपल्याकडे म्हणतात. माझ्या भिडेची किंमत सहा माणसांनी मोजली आणि त्याचे मला आजही फार वाईट वाटते.

शामोनीतली खोली आणि ले कोंतामीनमधला पहिला मुक्काम खरा होता. दुसऱ्या दिवशी आम्ही बोनॉमच्या खिंडीतून वर चढलो. शेवटचा तासभर धुके होते आणि दगड ओले होते. भाऊजी दर दहा मिनिटांनी थांबत होते. क्रुआ द्यू बोनॉम खिंडीखालच्या रिफ्यूजमध्ये साडेचारला पोहोचलो. तिथल्या व्यवस्थापक बाईंनी यादी दोनदा वाचली, आमचा कागद हातात घेतला, आणि हा कागद आम्ही दिलेला नाही, असे शांतपणे सांगितले. रिफ्यूज पूर्ण भरले होते. मी आयोजकांना फोन लावला तर ‘सर्व्हरचा घोळ असेल, मी मालकांशी बोललोय, ते सांभाळून घेतील’ असे उत्तर आले. त्या बाईंशी त्यांचे कोणाचेही बोलणे झालेले नव्हते. नंतर मी पाठवलेल्या संदेशांपुढे एकच खूण दिसत राहिली.

त्या रिफ्यूजने आम्हाला बाहेर काढले नाही, हे मी कृतज्ञतेने लिहिते. सगळ्यांची जेवणे झाल्यावर टेबले सरकवून त्यांनी जेवणघरात सहा गाद्या घातल्या. रात्री भाऊजींचा गुडघा सुजला. दिवा मालवल्यावर जाऊबाई इतकेच म्हणाल्या, ‘उद्या कुठे झोपायचं आहे आपल्याला?’ आणि आमच्यापैकी कोणालाही उत्तर देता आले नाही.

सकाळी व्यवस्थापक बाईंनी स्वतः पुढच्या चार निवाऱ्यांना फोन करून पाहिले. कुठेही आमची नोंद नव्हती आणि कुठेही सहा जागा नव्हत्या. आम्ही ले शापिय्योला उतरलो, तिथून उन्हाळ्यात चालणाऱ्या छोट्या बसने व्हिल दे ग्लासिएपर्यंत गेलो आणि सेन्य खिंड चढलो. ठरल्याप्रमाणे आमचा मुक्काम पलीकडच्या उतारावर एलिसाबेत्ता या निवाऱ्यात असायला हवा होता. तिथे न थांबता दुखऱ्या गुडघ्यासह खोऱ्यातल्या बसपर्यंत उतरणे भाग पडले, आणि शेवटच्या तासात आम्हाला विजांच्या वादळाने गाठले. उघड्या उतारावर, हातातल्या धातूच्या काठ्या आडव्या धरून, त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला ‘भाऊजी, जरा लवकर’ म्हणावे लागले. पैशांबद्दल बोलताना मी शांत राहू शकते. या एका तासाबद्दल मला तसे बोलता येत नाही.

इटलीतल्या कूर्मायर गावात मिळेल त्या दराने दोन रात्री काढल्या. डॉक्टरांनी चालायला मनाई केली. ज्या पर्वताला दहा-अकरा दिवसांत वळसा घालायचा होता, त्याच्या पोटातून जाणाऱ्या ११.६ किलोमीटरच्या बोगद्यातून बसने शामोनीला परत आलो. परतीची तिकिटे बदलण्यासकट माणशी आणखी सुमारे ९०,००० रुपये गेले. आमच्या प्रवास विम्यात आजारपण, सामान आणि विमानाचा विलंब होता; मध्यस्थाने केलेली फसवणूक नव्हती. युरोपीय संघात नोंदलेल्या पॅकेज विक्रेत्याला तो बुडाल्यास ग्राहकाचे पैसे परत मिळावेत अशी तरतूद कायद्यानेच करावी लागते. पुण्यातल्या एका व्यक्तीच्या बचत खात्याला असे कोणतेही कवच नव्हते.

परतल्यावर १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर फोन केला. असा फोन पैसे गेल्यानंतर लगेच केला तर रक्कम गोठवण्याची शक्यता असते. आमच्या पैशांना सात-आठ महिने झाले होते. पोलीस ठाण्यात व्यवहाराचा उतारा दाखवला, तेव्हा अधिकाऱ्यांनी ‘उसने परत’ या शब्दांवर बोट ठेवून हा आपसातला देण्याघेण्याचा प्रश्न दिसतो, असे सांगितले. आयोजकांच्या वकिलांनीही पुढे नेमके तेच लिहिले. अखेर ऑक्टोबरमध्ये जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नसते आणि मुदत दोन वर्षांची असते. संदेशांतला मजकूर, अकरा कागद आणि हामटाच्या वेळची पावती यांमुळे ते सहल विकतात एवढे तरी दाखवता आले. दरम्यान त्यांनी आम्हाला मिळून ४०,००० रुपये परत केले आणि त्या शेऱ्यातही ‘उसने’ असेच लिहिले.

तक्रारीची तयारी करताना मी एक गोष्ट केली, जी निघण्यापूर्वी करायला हवी होती. दहाही मुक्कामांच्या ठिकाणचे ईमेल त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवरून शोधले, आणि तारीख, माणसांची संख्या व आयोजकांचे नाव लिहून साध्या इंग्रजीत चार ओळींचे पत्र पाठवले. याला मला एक संध्याकाळ लागली आणि खर्च काहीच आला नाही. आठवड्याभरात आठ उत्तरे आली. सहा ठिकाणी त्या नावाचे आरक्षण कधीच नव्हते. ले कोंतामीनच्या मुक्कामाने आमची राहिल्याची नोंद कळवली. इटलीतल्या एका निवाऱ्याचे उत्तर मात्र मी दोनदा वाचले. सहा जणांचे आरक्षण त्यांच्याकडे खरोखरच फेब्रुवारीत झाले होते आणि आगाऊ रक्कमही भरली होती. ६ मे रोजी ज्याने ते केले त्यानेच ते रद्द केले, आणि नियमाप्रमाणे रक्कम त्याला परत पाठवण्यात आली. आमच्या पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का २ मे रोजी पडला होता. ते पत्र आणि व्हिसाच्या पानाची प्रत आम्ही तक्रारीला जोडली आहे.