जुन्या प्लेस्टेशनचे सेव्ह: दुसरे मेमरी कार्ड की मायक्रोएसडीवाले कार्ड?

सोनीचे पहिले प्लेस्टेशन, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचे कन्सोल, डिसेंबर 1994 मध्ये बाजारात आले. आजही ज्यांच्याकडे ते चालू स्थितीत आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांची खरी काळजी कन्सोलची नसून 128 किलोबाइटच्या त्या लहानशा मेमरी कार्डाची असते, असे मला वाटते. कन्सोल बिघडले तर दुसरे मिळू शकते. पण पन्नास-साठ तास खर्चून पुढे नेलेले सेव्ह, म्हणजे गेममध्ये आपण कुठवर पोचलो याची नोंद, गेले, तर तितके तास पुन्हा खेळण्यावाचून दुसरा इलाज नसतो. म्हणून सेव्हची दुसरी प्रत असावी याबद्दल कुणाचे दुमत नसते. प्रश्न येतो तो ती कशावर ठेवावी याचा. सरळ मार्ग म्हणजे तसेच दुसरे मेमरी कार्ड घेऊन त्यावर नक्कल करणे. नवा मार्ग म्हणजे आत मायक्रोएसडी बसणारे आणि कन्सोलला मूळ कार्डच वाटणारे कार्ड वापरणे. मी पहिला मार्ग बरीच वर्षे वापरला आणि आता दुसऱ्यावर आलो आहे. दोन्हींमध्ये गुण आहेत, आणि सर्वांनी माझ्यासारखेच करावे असा माझा आग्रह नाही.

दुसऱ्या कार्डाच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. त्यासाठी संगणक लागत नाही. डिस्क न घालता कन्सोल सुरू करून मेमरी कार्डाचा पर्याय निवडला की त्याचा पडदा येतो. एका बाजूला पहिल्या स्लॉटमधले कार्ड, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या स्लॉटमधले, प्रत्येकात पंधरा घरे, म्हणजे ब्लॉक, आणि त्या घरांत हलणारी इवलीशी चित्रे. एक चित्र निवडून ते पलीकडे पाठवायचे किंवा सगळी एकदम पाठवायची, इतके ते सोपे आहे. शिवाय या कार्डात बॅटरी नसते. त्या आधीच्या कन्सोलच्या अनेक गेम कार्ट्रिजमध्ये सेव्ह टिकवण्यासाठी नाण्याच्या आकाराची बॅटरी असे आणि ती संपली की सेव्हही जाई; निन्टेन्डो 64 च्या कंट्रोलरला जोडायच्या पॅकचीही तीच गत होती. प्लेस्टेशनचे कार्ड वीज नसतानाही माहिती धरून ठेवते. माझे सर्वांत जुने कार्ड अनेक वर्षे कपाटात पडून होते, आणि बाहेर काढल्यावर त्यातले प्रत्येक सेव्ह उघडले. एका कार्डावरून नियम काढू नये हे खरे, पण मूळ कार्डांवर माझा विश्वास बसला तो असा.

मात्र पानांच्या कार्डांबद्दल मी सावध राहीन. एकाच कार्डात आठ पाने, म्हणजे 120 ब्लॉक, आणि पान बदलायला एक बटण, अशी कार्डे त्या काळी खूप खपली. माहिती दाबून बसवून 360 ब्लॉक देणारीही निघाली होती. माझ्याकडच्या अशाच एका कार्डाने दोनदा सगळे पान रिकामे दाखवले. पुढे ते पान परत दिसू लागले, पण ज्यावर शंका येते ती वस्तू बॅकअपसाठी निरुपयोगीच म्हणावी लागते. दुसरे कार्ड घ्यायचे तर साधे, पंधरा ब्लॉकचेच घ्यावे.

ज्यांच्याकडे प्लेस्टेशन 2 आहे त्यांच्यासाठी एक सोय आहे, जी अनेकांच्या लक्षात येत नाही. पहिल्या प्लेस्टेशनची सेव्ह प्लेस्टेशन 2 च्या 8 मेगाबाइटच्या कार्डावर साठवून ठेवता येतात. तिथून ती थेट खेळता येत नाहीत; खेळण्याआधी पुन्हा जुन्या कार्डावर आणावी लागतात. पण नुसते जपून ठेवायचे असेल, तर पंधरा ब्लॉकच्या मानाने ती जागा भरपूर आहे.

आता ज्या एका गोष्टीने माझा निर्णय फिरवला तिच्याकडे येतो. पहिल्या प्लेस्टेशनच्या मेमरी कार्डावर सेव्हची तारीख कुठेही नोंदली जात नाही. कार्डाची सूची ठेवायला सोळा ब्लॉकपैकी एक खर्ची पडतो आणि म्हणूनच आपल्याला पंधराच मिळतात. पण त्या सूचीत सेव्हचे नाव आणि त्याने व्यापलेले ब्लॉक असतात, वेळ नसते. पडद्यावर चित्र आणि शीर्षक एवढेच दिसते. काही गेम शीर्षकातच खेळलेला वेळ लिहितात; फायनल फॅन्टसी 7 तसे करतो आणि त्याबद्दल मी त्याच्या निर्मात्यांचा आभारी आहे. पण असे न करणारे गेमही भरपूर आहेत, आणि त्यांच्या बाबतीत या कार्डावरचे सेव्ह नवे की त्या कार्डावरचे, हे पडद्याकडे कितीही वेळ पाहिले तरी कळत नाही.

त्यात भर म्हणजे एका कार्डावर एका नावाचे सेव्ह एकच राहू शकते. म्हणजे बॅकअप ताजा करायचा, तर बॅकअपच्या कार्डावरची जुनी प्रत आधी पुसायची आणि मग नवी पाठवायची. माझी ठरलेली पद्धत अशी होती: खेळायचे कार्ड डावीकडे पहिल्या स्लॉटमध्ये, बॅकअपचे उजवीकडे दुसऱ्यात, उजवीकडचे चित्र पुसायचे, डावीकडचे उजवीकडे पाठवायचे. महिन्यातून एकदा हे काम मी इतक्या सवयीने करत असे की हात आपोआप चालत. दोन्ही कार्डे एकाच राखाडी रंगाची होती आणि पाठीमागे चिकटवलेली पट्टी स्लॉटमध्ये घातल्यावर दिसत नसे. एके दिवशी कंट्रोलर साफ करताना मी दोन्ही कार्डे काढून ठेवली होती, आणि परत बसवताना त्यांची अदलाबदल झाली. पडद्यावर दोन्हीकडे तेच चित्र होते आणि तेच शीर्षक. मी उजवीकडचे पुसले, ‘हो’ दाबले आणि डावीकडचे उजवीकडे पाठवले. नक्कल व्यवस्थित पार पडली. सुमारे महिनाभराच्या संध्याकाळी गेल्या हे मला दुसऱ्या दिवशी गेम सुरू केल्यावर कळले, कारण जिथून मी कधीच पुढे गेलो होतो त्याच गावाच्या वेशीवर माझी माणसे उभी होती.

यातला खरा सल मला नंतर समजला. या कार्डावर सेव्ह पुसले म्हणजे ते लगेच नष्ट होत नाही. सूचीत त्या ब्लॉकपुढे फक्त मोकळा असल्याची खूण होते आणि आतली माहिती तशीच असते. मी तिथेच थांबलो असतो तर ते परत मिळवता आले असते. पण पुसल्याबरोबर मी जुनी प्रत त्याच मोकळ्या झालेल्या जागेत लिहिली होती. ज्या क्रमाने मी बॅकअप घेत असे, तो क्रमच चूक पक्की करणारा होता.

यावर वेगवेगळ्या रंगांची कार्डे घ्यावीत, पट्टी समोरच्या कडेला लावावी, असे उपाय सुचतात आणि ते मी केलेही. चूक होण्याचा संभव त्यांनी नक्कीच कमी होतो. पण मूळ अडचण शिल्लक राहते: जुनी प्रत गेल्याशिवाय नवी येऊ शकत नाही, आणि कोणती जुनी हे कार्ड स्वतः सांगत नाही. कालचे, गेल्या महिन्याचे आणि त्याआधीचे अशी तीन सेव्ह ठेवायची तर तीन कार्डे लागतात.

मायक्रोएसडीवाल्या कार्डात नेमके हेच सुटते. त्यात प्रत्येक मेमरी कार्ड म्हणजे 1,31,072 बाइटची एक फाइल असते. एका गिगाबाइटमध्ये अशा आठ हजारांहून अधिक फाइली मावतात, त्यामुळे जागेचा विचार करावाच लागत नाही. मी दर पंधरा दिवसांनी ती फाइल संगणकावर उतरवतो आणि नावापुढे वर्ष, महिना, दिवस लिहितो. काहीही पुसावे लागत नाही. परवाच्या प्रतीत काही बिघडलेले निघाले तर त्याआधीची असते, तिच्याआधीची असते. ज्याची उणीव मला इतकी वर्षे बोचत होती ती तारीख शेवटी फाइलच्या नावात येऊन बसली.

त्याहूनही मला आवडलेली गोष्ट म्हणजे बॅकअप उघडून पाहता येतो. ही फाइल एम्युलेटरला, म्हणजे संगणकावर कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमला, देऊन गेम सुरू केला की सेव्ह खरोखर चालते की नाही ते दोन मिनिटांत कळते. दुसऱ्या कार्डावरची प्रत तपासायची तर कार्डे बदलून, डिस्क घालून, कन्सोलवरच पाहावी लागते, आणि खरे सांगायचे तर ते मी क्वचितच केले. शिवाय मेमकार्डरेक्ससारख्या प्रोग्रॅममध्ये तीच फाइल उघडली की पंधराही ब्लॉक समोर दिसतात आणि पुसलेले, पण ज्याच्या जागी अजून दुसरे काही लिहिले गेलेले नाही असे सेव्ह परत आणता येते.

आता या मार्गाच्या अडचणी. पहिली किरकोळ आहे: वीज मिळाल्यावर या कार्डाला जागे व्हायला काही क्षण लागतात, आणि सेव्ह झाल्यावर ते मायक्रोएसडीवर उतरायलाही. माझ्या कार्डावरचा दिवा स्थिर होईपर्यंत मी कन्सोल बंद करत नाही. ही सवय लावून घ्यावी लागते.

दुसरी अडचण विचार करण्यासारखी आहे. या कार्डांचा मोठा गुण म्हणून सांगितले जाते की प्रत्येक गेमला स्वतंत्र आभासी कार्ड देता येते. काही कार्डे गेम ओळखून आपोआप बदलतात, तेही कन्सोलमध्ये त्यासाठी लागणारी जोडणी असेल तर. एरवी बटण दाबून बदलावे लागते. ऐकायला हे छान वाटते, पण त्या काळचे काही गेम एकमेकांची सेव्ह वाचत असत. सुइकोडेन 2 हा पहिल्या सुइकोडेनचे सेव्ह वाचून त्यातली माणसे पुढे आणतो. 1998 च्या मेटल गिअर सॉलिडमध्ये सायको मँटिस नावाचे पात्र खेळाडूचे मेमरी कार्ड वाचून त्याने कोनामी या त्याच कंपनीचे दुसरे कोणते गेम खेळले आहेत ते बोलून दाखवते. प्रत्येक गेम वेगळ्या कार्डावर ठेवला तर हे दुवे तुटतात, आणि सायको मँटिसला तुमच्याबद्दल बोलण्यासारखे काही सापडत नाही. मूळ कार्डावर पंधरा घरांत सगळे गेम एकत्र नांदत असत, त्यात एक आपलेपण होते हे मी मान्य करतो. माझा तोडगा असा की गेमनुसार कार्ड न करता मी मालिकेनुसार केले आहे: सुइकोडेनचे दोन्ही भाग एकावर, कोनामीचे बाकीचे गेम दुसऱ्यावर. आपोआप बदलण्याची सोय मी बंदच ठेवली आहे. तीन-चार डिस्कच्या गेममध्ये डिस्क बदलल्यावर भलतेच कार्ड समोर येण्याची धास्तीही त्यामुळे राहत नाही.

मायक्रोएसडी कोणती घ्यावी याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. मोठी क्षमता इथे वाया जाते. 32 गिगाबाइट किंवा त्याहून लहान पुरेशी असते. आवरणावरच्या आकड्यापेक्षा प्रत्यक्षात कमी क्षमता असलेली बनावट कार्डे मात्र सर्रास मिळतात, तेव्हा वापरण्याआधी ती पूर्ण भरून आणि परत वाचून तपासावी. एच2टेस्टडब्ल्यू किंवा एफ3 हे प्रोग्रॅम हेच काम करतात.

प्लेस्टेशन 2 पुरतेच बोलायचे तर पारडे इतके झुकत नाही. त्याच्या कार्डावर सेव्हची तारीख असते आणि कन्सोलच्या पडद्यावर ती दिसतेही, त्यामुळे माझ्यासारखी चूक तिथे सहज होणार नाही. उलट फाइलींच्या बाबतीत तिथे थोडा गोंधळ आहे. प्रत्येक 512 बाइटच्या तुकड्यामागे त्या कार्डात माहितीतल्या चुका दुरुस्त करण्यासाठी 16 जादा बाइट असतात. काही साधने ते धरून 86,50,752 बाइटची फाइल बनवतात, तर काही ते वगळून 83,88,608 बाइटची. एका साधनाची फाइल दुसरे स्वीकारत नाही असे दिसले, तर बहुधा कारण हेच असते. केवळ प्लेस्टेशन 2 वापरणाऱ्याने दुसरे मूळ कार्ड घेतले तर मी त्याला अडवणार नाही.

मूळ कार्डावरच खेळत राहून फक्त प्रत संगणकावर घ्यायची, असा मधला मार्गही आहे. प्लेस्टेशन 3 साठी निघालेले जुनी कार्डे वाचणारे अडॅप्टर उत्साही मंडळींनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमुळे संगणकावरही चालते. मी ते एकदाच वापरले: जुन्या राखाडी कार्डांवरचे सगळे फाइलींमध्ये उतरवून घेण्यासाठी. त्या कामाला ते उत्तम आहे. पण दर वेळी कार्ड काढून संगणकापर्यंत न्यायचे असेल तर बॅकअप लांबणीवर पडतो, निदान माझा पडत असे.

तेव्हा ज्याच्याकडे पाच-सहा गेम आहेत, संगणकाची कटकट नको आहे आणि ज्याला आपल्या हाताच्या सवयींवर भरवसा आहे, त्याने दुसरे साधे कार्ड, पण वेगळ्या रंगाचे घ्यावे. ज्याचा एखादा गेम महिनोन्‌महिने चालतो, त्याने माझ्या मते थोडा अधिक खर्च सोसून मायक्रोएसडीवाले कार्ड घ्यावे. जुनी दोन राखाडी कार्डे मी विकलेली नाहीत. त्यांतल्या एकावर, त्या चुकीनंतर पुन्हा खेळून पूर्ण केलेल्या गेमचे सेव्ह आहे; त्याची फाइल तारखेसह संगणकावरही आहे.