बरण्यांत भरलेल्या भावना : 'द कलर मॉन्स्टर'

माझी लेक अडीच वर्षांची. काय होतंय ते सांगता यायचं नाही, मग जमिनीवर लोळण घ्यायची. म्हणून बार्सिलोनाच्या आना येनास यांचं 'द कलर मॉन्स्टर' आणलं. मूळ स्पॅनिश पुस्तक २०१२चं. सगळे रंग एकमेकांत गुंतलेला एक राक्षस आणि ते सोडवून एकेका बरणीत भरायला शिकवणारी छोटी मुलगी, एवढीच गोष्ट. पिवळा आनंद, निळं दुःख, लाल राग, हिरवी शांतता. चित्रं पुठ्ठ्याच्या तुकड्यांतून केलेली. लेक त्यांच्या कडांवरून बोट फिरवत बसते.

इंग्रजी मजकूर मी वाचतच नाही, मराठीत सांगते. राग वेगळा, रुसवा वेगळा, हिरमुसणं आणखी वेगळं. हे शब्द तिला मिळायलाच हवेत.

भीतीला काळा रंग मात्र मला पटला नाही. बोरन्हाणाला तिने काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घातले होते. तो रंग तिच्या लाडाचा. त्या पानावर मी नुसतं "अंधार" म्हणते.

परवा दादा खेळणं घेऊन पळाला. ती लोळली नाही. माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आई, लाल झालं." त्या रात्री पुस्तक चार वेळा वाचलं.