टॉर्बरनाइटची पारख आणि किंमत: कॉर्नवॉलमधल्या या दुकानाला पाचपैकी चार तारे

टॉर्बरनाइट, म्हणजे युरेनियमचा हिरवा खडा, लिलावातून किंवा कुणाच्या जुन्या संग्रहातून हाती आला असेल, तर विकण्याआधी तो इथे दाखवावा, असं मी मनापासून सांगेन.

माझा नमुना इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या गनिसलेक गावातल्या जुन्या खाणीतला. गंजाच्या रंगाच्या क्वार्ट्झवर गर्द हिरव्या, चौकोनी, पातळ पत्र्यांचे स्फटिक आणि सोबत शाईनं लिहिलेली जुनी चिठ्ठी. पुण्यात भूशास्त्र शिकताना जळगाव-नाशिकचे झिओलाइट मनसोक्त हाताळले. युरेनियमची खनिजं मात्र आपल्याकडे तेव्हा १९६२च्या अणुऊर्जा कायद्याखाली येत, त्यामुळे असा खडा जवळून पाहायला मिळाला तो प्लिमथला राहायला आल्यावरच.

दुकानाच्या बाईंनी खड्याला हात लावण्याआधी चिठ्ठी वाचली. मग दहापटीचं भिंग, मग किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर. मॅलाकाइट किंवा हिरवा अभ्रक असता तर काउंटर गप्प राहिला असता. इथे तो सलग टिकटिकत होता. नंतर दिवे घालवून अतिनील टॉर्च मारला. टॉर्बरनाइटमधलं तांबं अतिनील प्रकाशात येणारी चमक मारून टाकतं, म्हणून हिरवे पत्रे काळेच राहिले. मागच्या बाजूचे दोन-चार ठिपके मात्र पिवळट हिरवे झळाळले. ते बहुधा ऑट्युनाइट, त्यात तांब्याच्या जागी कॅल्शियम असतं.

मला खरा विश्वास वाटला तो पुढे. टॉर्बरनाइटमधल्या फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक असलेलं झ्यूनेराइट अगदी असंच दिसतं, डोळ्यांनी फरक कळत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि सुटलेला कण प्रयोगशाळेत पाठवला. उत्तर आलं: फॉस्फेटच, पण मेटाटॉर्बरनाइट. टॉर्बरनाइट कोरड्या हवेत पाणी गमावतं, आकार तोच राहतो, पारदर्शकपणा जातो. विक्रीला येणारे बरेच ‘टॉर्बरनाइट’ असेच असतात. अहवालावर त्यांनी खरं नाव लिहिलं, गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून बदललं नाही.

किंमत दोन प्रकारे दिली: विम्यासाठी एक, व्यापाऱ्याला विकायची तर दुसरी, बरीच कमी. अखंड कडा आणि जागेचा पुरावा यांवर भाव ठरतो. चिठ्ठी हरवली तर मोठा हिस्सा जाईल, म्हणून ती खड्यासोबतच ठेवायला सांगितलं. हे खनिज नखानंही ओरखडतं, तेव्हा ब्रशनं साफ करायचं नाही. किरणोत्सारी रेडॉन वायू साठू नये म्हणून झोपायच्या खोलीत किंवा बंद कपाटात ठेवायचं नाही, हाताळल्यावर हात धुवायचे.

एक तारा कापला तो अहवालासाठी. किंमत कोणत्या विक्रीशी ताडून काढली, हे त्यात लिहिलेलं नाही. विचारल्यावर तोंडी सांगितलं, पण विमा कंपनीला कागद लागतो. शिवाय प्रयोगशाळेचं शुल्क वेगळं पडतं, तेही आधीच विचारून घ्या. पोस्टानं आलेले खडे ते घेत नाहीत, वेळ ठरवून स्वतःच न्यावा लागतो.