फिटनेस बँड : पावलांसाठी घ्या, कॅलरीसाठी नको

आठ महिने झाले बँड वापरतोय, रोज सकाळी रंकाळ्याला फेरी असते. हार्ट रेट बरोबर येतोय, नाडी धरून मोजली तर एक-दोन ठोक्यांचा फरक. पण कॅलरीचं काय खरं नाही बघा. ॲपमध्ये माझं जुनं वजन ८४ तसंच राहिलेलं, ते ७६ केलं तर तेवढ्याच फेरीच्या कॅलरी लगेच कमी दिसायला लागल्या, म्हणजे बँड कॅलरी मोजत नाही, ठोके, हालचाल, वय, उंची, वजन घेऊन अंदाज काढतो. स्टॅनफर्डवाल्यांनी २०१७ ला ६० जणांवर असली ७ यंत्रं तपासलेली, त्यातल्या ६ चा हार्ट रेट ५ टक्क्यांच्या आत चुकला, पण कॅलरीत सगळ्यात चांगलं यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३!

हे कळकळीनं लिहितोय कारण आमच्या बाबांना शुगर आहे आणि ते आकडा बघून "आज एवढं जाळलंय, मिसळ चालतीय की" म्हणायला लागलेले. त्यांच्या ॲपमधला कॅलरीचा रकाना मी काढूनच टाकला, आता फक्त पावलं बघतात. पाचपैकी तीन स्टार.