डी. फार्म की बी. फार्म? आधी 'मेडिकल टाकायचंय का' ते ठरवा

बारावी सायन्सचा निकाल लागला, नीटचे मार्क एमबीबीएसच्या आसपासही नाहीत, की घरात कुणीतरी म्हणतंच: "फार्मसी घे. काही नाही तर मेडिकल तरी टाकता येईल." इथवर ठीक. मग डिप्लोमा (डी. फार्म) की डिग्री (बी. फार्म), हा प्रश्न येतो आणि तो बहुतेक वेळा फी आणि वर्षं मोजून सोडवला जातो. माझ्या मते मोजायची गोष्ट वेगळीच आहे.

दुकान टाकायला दोन्ही चालतात. डी. फार्म असो वा बी. फार्म, 1948 च्या फार्मसी कायद्याखाली राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी झाली की तुम्ही रजिस्टर्ड फार्मासिस्ट. किरकोळ औषधविक्रीच्या परवान्यासाठी किमान 10 चौरस मीटर जागा लागते, फ्रिज लागतो. तिथे तुमची डिग्री मोठी की लहान, याने काही फरक पडत नाही. त्यामुळे घरचं दुकान असेल किंवा गावात मेडिकलच टाकायचं नक्की असेल, तर चार वर्षं कशाला घालवायची? डी. फार्म दोन वर्षांचं, प्रवेश बारावीच्या गुणांवर, पुढे 500 तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण. विषयही काउंटरला धरून आहेत: कम्युनिटी फार्मसी, हॉस्पिटल फार्मसी, औषधविषयक कायदे. एक गोष्ट मात्र अनेकांना उशिरा कळते. 2022 च्या नियमांनी डिप्लोमावाल्यांना नोंदणीआधी एक्झिट परीक्षा लावली आहे, बी. फार्मला ती नाही.

कंपनीत जायचं असेल तर गणित उलटं होतं. औषधनिर्मितीवर देखरेख करणाऱ्या तांत्रिक माणसाकडे फार्मसीची पदवी आणि त्यानंतर 18 महिन्यांचा अनुभव, किंवा रसायनशास्त्राची पदवी आणि त्याहून जास्त अनुभव, असं नियमच सांगतो. डिप्लोमा त्यात बसत नाही. तारापूर, वाळूज किंवा गोव्यातल्या वेर्ण्याच्या कारखान्यांत डिप्लोमावाला कामाला लागतो, नाही असं नाही. पण वर चढताना अडतो. औषध निरीक्षकाच्या पदालाही पदवीच हवी. एम. फार्म, म्हणजे पदव्युत्तर पदवी, करायची तर जीपॅट ही प्रवेश परीक्षा द्या, म्हणजे पुन्हा बी. फार्म आलंच.

बी. फार्म चार वर्षांचं, आठ सेमिस्टर, आणि महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी द्यावी लागते. बारावीला गणित नसेल तरी घाबरू नका, पहिल्या वर्षी रेमेडियल, म्हणजे राहिलेलं भरून काढणारं, गणित असतं. बायोलॉजी नसलेल्यांना तसंच रेमेडियल बायोलॉजी. खरा घाम फुटतो तो ऑरगॅनिक केमिस्ट्रीला. ती दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षापर्यंत पाठ सोडत नाही. बारावीत ती नुसती पाठ करून मार्क काढले असतील, तर हा मुद्दा फीपेक्षा गंभीरपणे घ्या.

"आधी डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला बी. फार्म" हा मधला रस्ताही आहे. दोन अधिक तीन, म्हणजे पाच वर्षं; सरळ डिग्रीपेक्षा एक जास्त. सीईटीत कमी पडलेल्यांसाठी किंवा घरात पैशाची ओढ असलेल्यांसाठी तो चांगला, कारण मध्येच थांबावं लागलं तरी हातात काहीतरी असतं. ज्याला बी. फार्म सरळ मिळतंय त्याने मात्र ही वाट धरू नये. डिप्लोमाचा अभ्यास घोकून पुढे आलेली मुलं दुसऱ्या वर्षाच्या केमिस्ट्रीत गटांगळ्या खातात.

फार्म. डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) सहा वर्षांचं, रुग्णालयातल्या कामाकडे कल असलेल्यांसाठी. नावापुढे 'डॉ.' लागतं, पण प्रिस्क्रिप्शन लिहिता येत नाही. नातेवाइकांना हे आधीच सांगून ठेवा.

आणि "दुसऱ्याच्या दुकानाला सर्टिफिकेट भाड्याने देऊन घरबसल्या महिन्याला पैसे" हे ऐकून कुणी डी. फार्मला जात असेल, तर त्याने जाऊ नये. दुकानात फार्मासिस्ट हजर नसताना तपासणी झाली की परवाना दुकानदाराचा जाऊ शकतो, पण नोंदणी तुमची धोक्यात येते. आणि दोन वर्षं शिकून हाती आलेली तेवढीच तर वस्तू असते.