लॉ कन्व्हर्जन सांगून एलएलएमला अर्ज, आणि "सीट ब्लॉकिंग"चे पैसे गायब

ज्यांची डिग्री लॉची नाही, बी.एस्सी., बी.कॉम., इंजिनिअरिंग काहीही असेल, आणि इंग्लंडला जाऊन वकील व्हायचं डोक्यात आहे, त्यांनी प्लीज हे पूर्ण वाचा. मोठं झालंय पण मला यातलं काही गाळायचं नाहीये, कारण आम्हाला ज्या ज्या ठिकाणी खोटं सांगितलं गेलं ते प्रत्येक वाक्य अजूनही नवीन मुलांना तसंच्या तसं सांगितलं जातंय.

मी मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी., मूळची सांगलीकडची, पुण्यात एका फार्मा कंपनीत डॉक्युमेंटेशनला होते. तिथे पेटंटची कागदपत्रं बघता बघता वाटलं की आपण लॉमध्ये जावं, आणि इंग्लंडमध्ये लॉ नसलेल्या ग्रॅज्युएटसाठी एका वर्षाचा लॉ कन्व्हर्जन कोर्स असतो हे कळलं. हा कोर्स खरा आहे, त्यात फसवणूक काही नाही. पूर्वी जीडीएल म्हणायचे, आता बऱ्याच ठिकाणी पीजीडीएल म्हणतात, युनिव्हर्सिटी ऑफ लॉ, बीपीपी, लंडनची सिटी युनिव्हर्सिटी अशा बऱ्याच ठिकाणी चालतो, आणि त्यात कॉन्ट्रॅक्ट, टॉर्ट, क्रिमिनल, लँड लॉ, इक्विटी अँड ट्रस्ट, पब्लिक लॉ हे सगळे पायाचे विषय एका वर्षात करून घेतात. फसवणूक सुरू झाली ती पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीत. नाव लिहीत नाही, केस चालू आहे.

त्यांच्या सेमिनारमध्ये पहिली स्लाइडच बाबासाहेबांची होती, ग्रेज इन या लंडनच्या बॅरिस्टरांच्या संस्थेतून बॅरिस्टर झाले वगैरे, मग नाशिकला जन्मलेल्या, भारतातल्या सुरुवातीच्या महिला वकिलांपैकी एक कॉर्नेलिया सोराबजी. माहिती खरीच होती. पण आपल्या घरांमध्ये बॅरिस्टर या शब्दाला काय मान आहे हे त्या लोकांना पक्कं माहीत आहे, माझे बाबा एसटीतून रिटायर झालेले, ते ती स्लाइड बघून एकदम ताठ बसले होते. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो की त्यांनी बाबासाहेबांचं नाव वापरून माझ्या बाबांच्या ग्रॅच्युइटीला हात घातला.

मग केबिनमध्ये बसवून काउन्सेलर मॅडमनी चार गोष्टी सांगितल्या. एक, हा कोर्स केला की तुम्ही इंग्लंडमध्ये सॉलिसिटर, म्हणजे अशिलांना सल्ला देणारे, कागदपत्रं करणारे वकील. दोन, भारतात परत आलात तरी ही डिग्री एलएलबीच्या बरोबरीची, सरळ सनद घ्या. तीन, आमच्या टाय-अपमुळे ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे लॉ फर्ममधली शिकाऊ वकिलाची जागा, गॅरंटीड. चार, इंडियन स्टुडंटसाठी फक्त थोड्या सीट शिल्लक आहेत त्यामुळे आजच ब्लॉक करा. मी तिथेच विचारलं की मॅडम हे सगळं लेखी मिळेल का, तर म्हणाल्या ऑफर लेटरमध्ये सगळं येतं, आणि बाबांकडे वळून "काका तुम्ही टेन्शनच घेऊ नका, ताईची जबाबदारी आता आमची."

चारही खोटं होतं. एकेक सांगते.

सॉलिसिटर व्हायला इंग्लंड आणि वेल्समध्ये सप्टेंबर २०२१ पासून एसक्यूई नावाची परीक्षा आहे. कुठल्याही विषयाची डिग्री किंवा त्याच्या बरोबरीचं काही लागतं, मग एसक्यूई वन, ज्यात १८०-१८० प्रश्नांचे दोन पेपर आहेत, मग एसक्यूई टू ज्यात लेखी आणि तोंडी कामं करून दाखवायची, शिवाय दोन वर्षांचा कामाचा अनुभव आणि चारित्र्याची तपासणी. कन्व्हर्जन कोर्स या वाटेवर सक्तीचा नाहीच. लॉचं काहीच येत नसेल तर तो करणं शहाणपणाचं आहे, नाहीतर ती परीक्षा झेपणार नाही, पण कोर्स केला म्हणजे सॉलिसिटर झालो असं अजिबात नाही. परीक्षेची फी वेगळी, सुरुवातीला दोन्ही टप्पे मिळून ३,९८० पाउंड होती आणि नंतर वाढलीच आहे, हा आकडा आम्हाला दिलेल्या खर्चाच्या कागदावर कुठेच नव्हता. बॅरिस्टर, म्हणजे कोर्टात बाजू मांडणारे वकील, व्हायचं असेल तर मात्र लॉची डिग्री नसणाऱ्याला कन्व्हर्जन लागतंच, पण त्यानंतर बारचा कोर्स, ग्रेज इनसारख्या चार इनपैकी एका इनचं सदस्यत्व आणि मग पुपिलेज, म्हणजे अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखालची उमेदवारी, आणि पुपिलेजच्या जागा इतक्या कमी की तिथे जन्मलेली मुलंसुद्धा वर्षानुवर्षं अर्ज करत बसतात.

भारतातलं तर सरळच खोटं. आपल्याकडे सनद मिळते ती ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ प्रमाणे, त्यासाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेली लॉची पदवी लागते. परदेशी पदवी असेल तर ती मान्य आहे का हे बार कौन्सिल बघतं आणि वर परीक्षाही घेतं. एका वर्षाचा डिप्लोमा म्हणजे एलएलबी नव्हे, विषय संपला. ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट लॉ फर्म देतात, स्वतः मुलाखती घेऊन, मोठ्या फर्म तर दोन-दोन वर्षं आधी निवडतात. पुण्यातली कन्सल्टन्सी त्याची गॅरंटी देऊच शकत नाही.

आता पैशांचं. आधी ३५,००० रजिस्ट्रेशन. मग २,४०,००० "सीट ब्लॉकिंग", हे युनिव्हर्सिटीचं डिपॉझिट आहे असं सांगून त्यांच्या फर्मच्या करंट अकाउंटला घेतलं. मग १८,००० डॉक्युमेंट प्रोसेसिंग, ते यूपीआयवर एका माणसाच्या नावाने. लक्षात ठेवा, युनिव्हर्सिटीचं डिपॉझिट युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवरून किंवा तिने दिलेल्या पेमेंट लिंकवरून तुमच्या स्टुडंट नंबरवर भरलं जातं आणि पावती युनिव्हर्सिटीची येते. आणि या कन्सल्टन्सींना युनिव्हर्सिटीकडून ॲडमिशनमागे कमिशन मिळतंच, म्हणून तर तुम्ही ज्या लॉ स्कूलचं नाव घेता ते सोडून भलतंच चांगलं आहे असं तुम्हाला पटवलं जातं. मी लंडनच्या एका कोर्सचं विचारलं की दरवेळी "तिथलं इनटेक फुल आहे" हेच उत्तर. यादीत त्यांनी एक स्कॉटलंडची युनिव्हर्सिटीपण घातली होती, स्वस्त पडते म्हणून, आता स्कॉटलंडचा कायदा वेगळा, वकील व्हायची वाटही वेगळी, हे मला खूप नंतर स्वतः वाचून कळलं.

ऑफर लेटर आलं व्हॉट्सॲपवर, पीडीएफ. कोर्सचं नाव होतं एलएलएम. मी लगेच फोन केला की मी तर कन्व्हर्जनला अर्ज केलाय, तर म्हणाले अहो ताई एलएलएम त्याच्यापेक्षा वरचं आहे, मास्टर्स आहे, अपग्रेड करून दिलंय तुम्हाला. हा मुद्दा नीट समजून घ्या कारण यात खूप मुलं अडकतात. काही युनिव्हर्सिटी लॉ न केलेल्यांनाही एलएलएमला घेतात, त्यात चूक काही नाही, पण त्या एलएलएममध्ये सहसा पायाचे विषय पूर्ण होत नाहीत, म्हणजे बॅरिस्टरच्या वाटेसाठी ते कन्व्हर्जन धरलं जात नाही, आणि इथे एलएलबी नसताना नुसतं एलएलएम दाखवून सनद मिळत नाही. लाखो रुपये घालून हातात मास्टर्स, आणि वकील कुठलेच नाही, ना तिथले ना इथले.

मी युनिव्हर्सिटीच्या ॲडमिशन ऑफिसला स्वतः मेल केला. त्यांचं उत्तर सभ्य आणि स्पष्ट होतं. माझ्या नावाचा अर्ज फक्त एलएलएमला आलेला, कन्व्हर्जनला कधी आलाच नव्हता, डिपॉझिट म्हणून एक पाउंडही जमा नाही, आणि अर्जातला ईमेल माझा नव्हता. माझ्या नावाने जीमेल काढून पासवर्ड त्यांनी स्वतःकडे ठेवला होता, फोन नंबरही त्यांच्याच ऑफिसचा. मी अर्जाची प्रत मागवली तर स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये, म्हणजे हा कोर्स का करायचा हे सांगणाऱ्या निवेदनात, लिहिलेलं की मी एका वकिलाकडे सहा महिने इंटर्नशिप केली आणि मूट कोर्टमध्ये, म्हणजे लॉच्या मुलांच्या सराव-खटल्यात, भाग घेतला. मी आयुष्यात मूट कोर्ट बघितलेलं नाही. सोबत त्या इंटर्नशिपचं सर्टिफिकेट, शिक्क्यासकट.

पैसे गेल्यापेक्षा मला याची जास्त भीती वाटली. यूकेच्या व्हिसा अर्जात खोटी माहिती किंवा कागद निघाला तर नुसता व्हिसा नाकारत नाहीत, दहा वर्षांपर्यंत बंदी बसू शकते. आणि सॉलिसिटर होताना जी चारित्र्याची तपासणी असते त्यात प्रामाणिकपणाच बघतात. म्हणजे ज्या व्यवसायासाठी मी चालले होते त्याचा दरवाजा या लोकांनी माझ्या नावाने खोटा कागद लावून माझ्यासाठी कायमचा बंद करायला घेतला होता, आणि मला न विचारता. मी युनिव्हर्सिटीला लेखी कळवलं की हे स्टेटमेंट आणि सर्टिफिकेट माझं नाही, अर्ज मागे घेते. त्यांनी तशी नोंद केल्याचा मेल आला, तो मी जपून ठेवलाय. तुमचा अर्ज कन्सल्टन्सीने भरला असेल तर आजच त्याची प्रत मागा, लॉगिन मागा, देत नसतील तर थेट युनिव्हर्सिटीला लिहा.

आणि खरं म्हणजे कन्सल्टन्सी लागतच नाही. कन्व्हर्जनसाठी लॉ स्कूलच्या वेबसाइटवर स्वतः अर्ज करता येतो. व्हिसासाठी सीएएस, म्हणजे ॲडमिशन पक्की असल्याची नोंद, देणारी संस्था परवानाधारक आहे का हे यूके सरकारच्या स्पॉन्सर यादीत फुकट दिसतं. स्कूल निवडताना मी आता हे विचारीन की कोर्समध्ये एसक्यूईची तयारी आहे का नुसते पायाचे विषय, बारसाठी तो चालतो का, फी परत मिळायचे नियम काय, प्रो बोनो क्लिनिकमध्ये, म्हणजे लोकांना फुकट कायद्याचा सल्ला देणाऱ्या केंद्रात, प्रत्यक्ष काम मिळतं का, कारण असा अनुभव अटी बसल्या तर त्या दोन वर्षांत धरता येतो. अजून एक, इथे सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएलबी करून, सनद घेऊन मग एसक्यूई द्यायची हीसुद्धा वाट आहे, दुसऱ्या देशात आधीच वकील असणाऱ्याला तो दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागत नाही. ही वाट आम्हाला कोणी सांगितली नाही कारण त्यात कोणाला कमिशन नाही.

आम्ही आधी लेखी नोटीस दिली. त्यावर त्यांचा फोन आला की एक लाख परत देतो, तक्रार नाही असं लिहून द्या आणि ऑनलाइन टाकलेला रिव्ह्यू काढा. बाबा म्हणाले पैसे गेले तरी चालतील, असं लिहून द्यायचं नाही. पोलिसांत अर्ज दिलाय, बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम ३१८, म्हणजे फसवणूक, याखाली गुन्हा नोंदवावा अशी मागणी केली आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकलीये. तिथे भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी लागत नाही आणि वकील करायची सक्ती नाही, हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, ऑनलाइन पैसे नुकतेच गेले असतील तर १९३० ला वेळ न घालवता फोन करा.

बँक स्टेटमेंट, व्हॉट्सॲप चॅट एक्स्पोर्ट करून, युनिव्हर्सिटीचे मेल आणि त्यांच्या लेटरहेडवरची "सीट ब्लॉकिंग"ची पावती एवढं मी जोडलंय. त्यांच्या ऑफिसात माझ्याबरोबर बसलेली अजून मुलं होती, एक साताऱ्याची मुलगी, एक नगरचा मुलगा, त्यांचे नंबर माझ्याकडे नाहीत. अशी पावती तुमच्याकडेही असेल, कुठल्याही कन्सल्टन्सीची, तर मला मेसेज करा, माझ्या तक्रारीचा मराठी मसुदा नावं काढून पाठवते, तुमची रक्कम आणि तारखा भरून तुमच्या जिल्ह्यात दाखल करा.